पेट्रोलपंपावर राहिली ती

लोरेत पारादीने ती गोष्ट आजवर किती वेळा सांगितली असेल, याची गणती तिच्यापाशी नव्हती. बारशाला सांगितली होती, मयतानंतरच्या जेवणाला सांगितली होती, चर्चच्या बायकांच्या गोधडी-मंडळात तर दर दोन वर्षांनी कोणीतरी नवी बाई यायची आणि बाकीच्या म्हणायच्या, "अगं लोरेत, हिला ती पंपाची सांग की!" मग लोरेत सुई खोचून ठेवायची आणि सांगायची. सहा वर्षांची असताना तिला तिच्याच आईबापांनी पेट्रोलपंपावर विसरून मागे टाकलं होतं, त्याची गोष्ट.

आणि आता ती गोष्ट ती साडेतीनशे माणसांपुढे सांगणार होती. रविवारी दुपारी तीनला.

लुइस्टन गावात नदीकाठच्या गिरण्या बंद पडल्या, तशी फ्रेंच बोलणारी जुनी माणसंही पांगली आणि त्यांचं एक मोठं चर्च ओस पडलं. त्याचं पुढे सभागृह झालं. तिथे दर वसंतात एक कार्यक्रम व्हायचा. आठ माणसं एकेक करून उभी राहायची आणि आपल्या आयुष्यात घडलेली एकेक गोष्ट सांगायची. नियम चारच. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी, हातात कागद नको आणि दहा मिनिटांत संपायला हवी. यंदाच्या पत्रकावर पहिलं नाव डेक्स्टर मॅकॉलचं होतं. तो हॉकीचा गाजलेला गोलरक्षक. त्याचे पुढचे चार दात कुठल्या सामन्यात गेले हे अख्ख्या मेन राज्याला पाठ होतं. आणि त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, "लोरेत पारादी, शाळेच्या बसच्या चालक."

पत्रक फ्रिजवर लावताना लोरेतला लाज वाटली होती आणि गंमतही. पण खरी धास्ती वेगळीच होती. ज्या जागी उभं राहून बोलायचं, तिथे पूर्वी वेदी होती. तिच्या आईबापांचं लग्न तिथे लागलेलं, तिचा स्वतःचा बाप्तिस्मा तिथे झालेला. सभागृह झालं म्हणून काय झालं? लोरेत रोज पहाटे बसचं इंजिन तापेपर्यंत जपमाळेचे दहा मणी ओढणारी बाई. तिच्या लेखी ती जागा अजून तीच होती. तिथे तोंडातून एक शब्दही इकडचा तिकडे जाता कामा नये, असं तिने मनाशी घेतलं होतं.

गुरुवारी सकाळची फेरी संपवून तिने बस आवारात लावली, शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन मागचं बटण दाबलं. हल्ली ते दाबलं नाही तर गाडी भोंगा वाजवते, कोणी पोर आत राहू नये म्हणून. पण लोरेत बटणं यायच्या वीस वर्षं आधीपासून रोज प्रत्येक सीटखाली वाकून बघायची. का बघते, हे तिच्या गोष्टीच्या शेवटी यायचं. तेवढ्यात फोन वाजला. ब्रिनचा होता.

ब्रिन हॅस्केल ही कार्यक्रमाची दिग्दर्शिका. पस्तिशीची, पोर्टलंडची, बोलताना सारखी पेन्सिल चावणारी. सहा आठवडे तिने लोरेतकडून गोष्ट बसवून घेतली होती. पिवळा फ्रॉक, पंपावरची लाल केसांची मादाम, तिने दिलेलं आइसक्रीम, गाणी वाजवणारी ती पेटी, सगळं. आणि एक वाक्य तर ब्रिनला इतकं आवडलं होतं की तिने ते वहीत उतरवून घेतलं होतं. "गाडी निघाली, आणि पंपाजवळची ती पिवळ्या फ्रॉकमधली मी लहान लहान होत गेले." "हे काही झालं तरी गाळायचं नाही हं लोरेत," ती म्हणाली होती.

आज ब्रिनचा आवाज कसासाच होता.

"लोरेत, तुम्ही बसून आहात ना?"

"पोरी, मी बस चालवते. आयुष्यभर बसूनच आहे मी."

ब्रिन हसली नाही. "तुम्हाला आठवत असेल, मी म्हटलं होतं, आम्ही प्रत्येक गोष्टीसाठी एका माणसाला फोन करतो. तेव्हा तिथे हजर असलेल्या. नुसती खातरजमा."

"हो. माझ्या भावाचा नंबर दिला होता ना मी. रोझेरचा. का? शिव्या दिल्या का त्याने? तो फोनवर जरा तिरसट आहे."

"नाही, नाही. छान बोलले. सरहद्दीपलीकडची तीर्थयात्रा खरी, गाडी खरी, पंप खरा." ब्रिन थांबली. "फक्त ते म्हणाले, मागे राहिली ती तुम्ही नव्हतात."

लोरेतला आधी वाटलं, फोन खरखरतोय.

"काय म्हणालीस?"

"ते म्हणाले, ती फर्नांद होती. तुमची बहीण. मी तीनदा विचारलं."

लोरेत बसच्या पायरीवर उभी होती. खाली उतरायला उचललेला पाय तसाच हवेत राहिला. मग तो तिने सावकाश परत वर घेतला, जणू खाली जमीन आहे की नाही याचा भरवसा नव्हता.

"त्याची साठी कधीच उलटली," ती म्हणाली. "काहीतरी बरळतोय."

"असेल," ब्रिन म्हणाली. "तुम्ही बोला त्यांच्याशी. शनिवारपर्यंत कळवा. मला तुमची गोष्ट हवीय लोरेत, पण..."

"पण खरी हवी," लोरेत म्हणाली, आणि फोन ठेवला.

रोझेर नदीपलीकडे ऑबर्नला राहायचा. सहा भावंडांत थोरला. फोन उचलताच त्याने सुरुवात केली.

"अगं, ती कोण पोरगी मला साक्षीला उभं करत होती? 'तुम्ही नक्की पाहिलंत का, तुम्ही नक्की पाहिलंत का!' मी काय खून पाहिला?"

"रोझेर, तू तिला काय सांगितलंस?"

"जे झालं ते."

"पंपावर मी राहिले होते."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"लोरेत, तू हे अजून सांगतेस?"

"अजून म्हणजे? लग्नात सांगितलं, तुझ्या मुलीच्या लग्नात! तू समोर बसून हसत होतास!"

"हसत होतो, कारण सगळे हसत होते. ममाँने सांगून ठेवलं होतं सगळ्यांना. 'राहू द्या, तिला बोलू नका.' मग सवयच झाली. मला वाटलं, तुला माहितीये आणि तू आपली गंमत म्हणून सांगतेस."

"कशाला ममाँ असं सांगेल?"

"कारण तू आजारी पडलीस ना. पंधरा दिवस ताप. अन्न जाईना." रोझेरने घसा खाकरला. "हे बघ, मागचं झाकण मी लावलं होतं. तेवढं काम होतं माझ्याकडे. तू आत बसलेली दिसलीस, मी धाडकन लावलं. फर्नांद बसलीय का, ते बघितलं नाही. मी बारा वर्षांचा होतो, माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे. पण पापा नावं घ्यायचे ना निघायच्या आधी? घेतली त्यांनी. फर्नांदचं नाव घेतलं, आणि मागून आवाज आला, 'आहे!'"

"कुणाचा?"

"मागच्या सीटवर तू एकटी होतीस, लोरेत."

लोरेतच्या कानात शीळ घुमल्यासारखं झालं. रोझेरच पुढे बोलत राहिला. गप्प बसणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"तुमचे दोघींचे आवाज एकच होते तेव्हा. ममाँला पण ओळखू यायचे नाहीत. वाटेत ममाँने एकदा विचारलं, 'मागे इतकं शांत का?' तर तू म्हणालीस, 'फर्न झोपलीय.' मला चांगलं आठवतंय. सरहद्दीवरच्या शिपायाने आत डोकं घालून मोजलं, तेव्हा कळलं. पापा म्हणाले, सहा पोरं. तो म्हणाला, साहेब, पाच आहेत. पापांचा चेहरा... जाऊ दे. त्यांनी गाडी तिथल्या तिथे वळवली."

"मी म्हणाले, फर्न झोपलीय?"

"सहा वर्षांची होतीस गं."

शुक्रवारी दुपारची फेरी आटोपून लोरेत फर्नांदकडे गेली. फर्नांद तिच्याहून वर्षाने मोठी. तीस वर्षं बुटांच्या कारखान्यात कातडं शिवून तिची बोटं वाकडी झाली होती, तरी चर्चच्या विक्रीसाठी ताटलीत भाजायच्या, डुकराचं मांस भरलेल्या पोळ्या करायचं काम ती कुणाला देत नसे. ओट्यावर बारा ताटल्या मांडलेल्या होत्या. लवंगेचा वास घरभर.

"आलीस? हात धू. कडा दुमडायला घे," फर्नांद म्हणाली. बहिणीकडे बघितलं, आणि लाटणं खाली ठेवलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग तोंड का असं?"

लोरेत कोट न काढताच खुर्चीवर बसली. तिने घरून निघताना वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विस्कटली.

"फर्न, पंपावर कोण राहिलं होतं?"

 फर्नांदने एका ताटलीवरचा पिठाचा कण बोटाने पुसला. मग दुसऱ्या ताटलीवरचा, जिथे कणच नव्हता.

"रोझेर बोलला वाटतं," ती शेवटी म्हणाली. "त्याचं तोंड कधी बंद राहिलंय का? पापा म्हणायचे, याला पाद्री करू नका, कबुलीजबाब चौकात वाचून दाखवेल."

"तू होतीस."

"हो."

"सत्तावन्न वर्षं तू माझ्यासमोर बसून ऐकलंस! मी 'मी, मी' करून सांगत होते, आणि तू... तू मला मीठ दे, भाजी दे करत होतीस!"

"मग काय करायला हवं होतं? झिंज्या ओढायच्या होत्या?"

"सांगायचं होतं!"

"काय सांगायचं होतं?" फर्नांदचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ऐक. परत आलो त्या रात्री तू झोपेना. सारखी रडत होतीस. आपण एका पलंगावर होतो, आणि तू माझ्या हाताला नखं रुतवून धरलं होतंस. मी म्हटलं, रडू नको, मजा आली मला. तिथे लाल केसांची बाई होती. तिने आइसक्रीम दिलं. गाण्याची पेटी होती, तिने मला हवं ते गाणं लावू दिलं. तू थांबलीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, परत सांग. मी परत सांगितलं. मग एक दिवस म्हणालीस, आता मी आहे असं सांग. तशी सांगितली. मग तू रोज तशीच मागायचीस. वर्षभर सांगितली असेल मी. तुझा पिवळा फ्रॉक घातला त्यात, माझा निळा काढून."

लोरेत ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिला एक गोष्ट दिसली. वाऱ्याने वरचं कापड उडून खालचं दिसावं तशी एकदम, पूर्ण. ती जुनी लांब गाडी. तिच्या मागच्या टोकाची ती उलटी सीट, रस्त्याकडे तोंड करून बसायची. आणि काचेतून दिसणारा पंप. पंपाजवळ एक मुलगी. गाडी जाते आहे, आणि मुलगी लहान लहान होत जाते आहे.

लहान होत जाणारी मुलगी फक्त गाडीत बसलेल्याला दिसते. पंपावर उभी असलेलीला गाडी लहान होताना दिसेल. स्वतः कशी दिसेल?

साठ वेळा, शंभर वेळा तिने ते वाक्य सांगितलं होतं. कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

"निळा," लोरेत पुटपुटली. "फ्रॉक निळा होता. मी तुला पाहिलं फर्न. मी तुला मागे राहिलेलं पाहिलं, आणि मी गप्प बसले."

फर्नांदने एकदम पाठ फिरवली आणि चुलीची आच कमी केली. ती आधीच कमी होती.

"हे बघ," पाठमोरीच म्हणाली, "ती गोष्ट मी तुला देऊन टाकलीय. सांग ना रविवारी. लोकांना आवडते. मला काही नकोय त्यातलं."

"त्या जागी? वेदीच्या जागी उभी राहून खोटं बोलू?"

"मग सांगू नकोस."

"मग खरी सांगते."

आता मात्र फर्नांद वळली. तिच्या चेहऱ्यावर लोरेतने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. राग म्हणावा, तर भीतीसारखा.

"तुझं जेवढं आहे तेवढं सांग. तू 'आहे' म्हणालीस, ते तुझं. मी झोपलेय म्हणालीस, ते तुझं. पण मी तिथे कशी राहिले, कुठे उभी होते, काय केलं, त्याला हात लावायचा नाही. एक शब्द नाही. ते माझं आहे, आणि ते मी कोणाला सांगत नाही. समजलं?"

"समजलं."

"आता कोट काढ, नाहीतर उठ. कडा कोरड्या पडतायत."

लोरेतने कोट काढला. दोघींनी बारा पोळ्यांच्या कडा दुमडल्या. 

रविवारी दुपारी सभागृह भरलं होतं. मार्चचं पांढरं ऊन उंच रंगीत काचांतून खाली येत होतं. मॅकॉलने आधी सांगितलं. पहिला दात पडला तेव्हा तो त्याने गिळला होता आणि आईला घाबरून तीन दिवस तोंड उघडलं नव्हतं. लोक पोट धरून हसले. मग ब्रिनने खूण केली.

ब्रिनला लोरेतने शनिवारी एवढंच सांगितलं होतं. "गोष्ट लहान झालीय. पण खरी आहे." ब्रिनने पेन्सिल तोंडातून काढून विचारलं होतं, "किती लहान?" लोरेत म्हणाली होती, "माझ्या वाट्याची तेवढीच."

वर दिव्यात उभं राहिल्यावर तिने आपसूक डोकं झुकवलं. जुनी सवय. मग सुरुवात केली. तीर्थयात्रेहून परतीची वाट सांगितली. आजोबांच्या पायासाठी आईने संत आनेला केलेला नवस सांगितला. सहा पोरं, एक गाडी, मधे गोधड्या-उशांचा एवढा ढीग की बापाला आरशात नुसत्या उशाच दिसाव्यात. लोक हसले. मागची उलटी सीट सांगितली, जिथे ती आणि तिची बहीण, दोघीच.

"पंपावरून निघताना पापा नावं घ्यायला लागले," ती म्हणाली. "एकेक जण 'आहे' म्हणत होता. माझी बहीण अजून आली नव्हती. तिचं नाव आलं. आणि मी तिच्या आवाजात म्हणाले, 'आहे.'"

कोणीतरी हसलं, आणि मधेच थांबलं.

"का म्हणाले, ते मी तीन दिवस शोधते आहे. आम्ही एकमेकींच्या आवाजाची नक्कल करायचो, तो खेळ होता. मला वाटलं असेल, ती धावत येईल आणि सगळे हसतील. किंवा मला ती सीट एकटीला हवी असेल, पाय पसरायला. मला खरंच माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी इथे उभी राहून सांगणार नाही. गाडी निघाली. मी काचेतून तिला पाहिलं. ती लहान लहान होत गेली. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आईने विचारलं, मागे इतकं शांत का? मी म्हणाले, ती झोपलीय. दोन तास मी तसं बसून होते. सरहद्दीवरच्या शिपायाने मोजेपर्यंत.

"त्यानंतर मी ती गोष्ट उलटी केली. मुद्दाम नाही, पण केली. सत्तावन्न वर्षं सांगत आले की मागे राहिले ती मी. या गावात अर्ध्या लोकांनी ती माझ्याकडून ऐकलीय. मी शाळेची बस चालवते, आणि रोज प्रत्येक सीटखाली बघते. लोकांना सांगायचे, मला विसरले होते ना, म्हणून. ते तसं नाहीये. मी सोडून आले होते, म्हणून.

"तिथे पंपावर काय झालं, ते मी सांगणार नाही. ते माझं नाही."

ती थांबली. चार मिनिटं झाली असतील. कोणी टाळी वाजवली नाही. साडेतीनशे माणसं, आणि सभागृह तापवणाऱ्या वाफेच्या नळांची टकटक तेवढी ऐकू येत होती. पहिल्या रांगेतल्या गोधडी-मंडळाच्या बायका तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू रोजच्या ओळखीच्या घरात चुकीचं दार उघडलं. मग कुठूनतरी एक टाळी सुरू झाली, बाकीच्या तिच्या मागे लागल्या. पण त्या हसतमुख नव्हत्या. लोरेतला पायऱ्या उतरताना कठडा सापडेना.

मध्यंतर झालं. ब्रिन धावत आली, काही म्हणायला तोंड उघडलं, आणि नुसता तिचा दंड दाबून गेली. लोरेत गर्दी चुकवत बाहेरच्या ओसरीत आली. कोट अडकवायच्या खुंट्यांखाली एक बाक होतं. त्यावर फर्नांद बसली होती. कोट, टोपी, हातमोजे, सगळं घालून.

"तू आलीस!"

"पत्रकं मीच वाटलीयत अर्ध्या गावात. येणार नाही होय?"

लोरेत तिच्या शेजारी बसली. "मी काही जास्त बोलले नाही ना? नाव नाही घेतलं तुझं."

"आपण दोघीच बहिणी, बाकी चार भाऊ. नाव काय घ्यायचं शिल्लक राहिलं?" फर्नांद समोरच्या भिंतीकडे बघत होती. "चुकलीस मात्र."

"काय चुकलं? रोझेरने सांगितलं तेच..."

"तू दोनदा म्हणालीस. पापांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. ते म्हणाले, 'फर्नांद?' तू म्हणालीस, 'आहे.' ते परत म्हणाले, 'फर्नांद, मोठ्याने!' आणि तू ओरडलीस, 'आहे, पापा!'"

लोरेत तिच्याकडे बघतच राहिली. ओसरीतला सगळा गलका एकदम लांब गेल्यासारखा झाला.

"तुला कसं माहीत?" ती म्हणाली. "तू गाडीत नव्हतीस."

"गाडीला टेकून होते. मागच्या चाकापाशी, तुला काचेतून दिसणार नाही अशी. काच उघडी होती, जुलै महिना. पापांनी माझं नाव घेतलं, मी 'आहे' म्हणायला तोंड उघडलं, आणि आतून माझाच आवाज आला." फर्नांदने हातमोज्याची बोटं एकेक करून ओढली, परत नीट केली. "सात वर्षांचं पोर. मला काय वाटलं सांगू? वाटलं, मी आत आहेच. मग इथे उभी आहे ती कोण? आणि मग इतका राग आला. पापा म्हणाले 'मोठ्याने', तेव्हा मला ओरडता आलं असतं. एका हातावर होते मी. नाही ओरडले. वाकले, आणि पंपाच्या आड झाले. म्हटलं, बघू तरी. बघू, माझ्याशिवाय कोणाला कळतंय का."

"फर्न..."

"गाडी हलली तेव्हा बाहेर आले. तू मला पाहिलंस ना? मी पण तुला पाहिलं. तू हात केला नाहीस. मी पण नाही केला."

 तीन दिवस लोरेतने छातीवर जो दगड बाळगला होता, तो कोणीतरी उचलून बघितला होता, आणि त्याच्याखाली आणखी एक निघाला होता.

"चार तास मी एकाच गोष्टीची वाट बघत होते," फर्नांद म्हणाली. "पापांचं तोंड कसं होतं ते बघायची. आणि बघितलं. ते गाडीतून उतरले आणि गुडघ्यावर बसले, तिथल्या तेलाच्या डबक्यात. त्यांनी विचारलं, तू कुठे होतीस? मी म्हटलं, संडासात. तुम्ही मला न घेता गेलात. एवढंच. नंतर दर नाताळला, चर्चच्या मिस्साहून आल्यावर, ते मला बाजूला घ्यायचे. 'फर्न, बाळा, मी खाली उतरून बघायला हवं होतं.' आणि मी म्हणायचे, 'असू द्या पापा.' बेचाळीस नाताळ, लोरेत. ते गेले त्या वर्षापर्यंत. मी त्यांना माफी मागू देत राहिले."

आत घंटा वाजली. लोक कॉफीचे पेले टाकून परत जाऊ लागले. कोणी लोरेतच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी नुसतं बघून गेलं. दारं लागली. ओसरी रिकामी झाली.

 बापाचा चेहरा लोरेतच्या डोळ्यांपुढे होता. गिरणीतून आलेला, कानांत कापसाचे तंतू असलेला, पोरांची नावं एकाही चुकीविना घेणारा माणूस. त्याची चूक नव्हती. त्याने दोनदा विचारलं होतं.

"ते आपल्यामुळे..." तिने सुरुवात केली.

"मला माहीत आहे कोणामुळे."

"उद्या सकाळची फेरी झाली की मी मोकळी आहे," लोरेत म्हणाली. "तुला घ्यायला येते. वर दफनभूमीत जाऊ, पापांच्या कबरीवर. त्यांना सांगू."

"दगडाला?"

"हो. दगडाला."

फर्नांदने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि लाल होते.

"कोण आधी सांगणार?"

"तू मोठी आहेस."

"म्हणून तर. तू आधी."

लोरेतने मान हलवली. आतून नवा कोणीतरी बोलायला लागला होता. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. फर्नांद उठली, कोटाची वरची गुंडी लावली.

"तिकडे वर अजून बर्फ असेल," ती म्हणाली. "उंच बूट घालून ये."